नुसता ठेवलेला हात

पुलाच्या चढावर तिसरा गिअर सुटला, तेव्हा सरांची बायको बोलत होती. ती म्हणत होती की तिला पुन्हा गाडी शिकायची आहे. खिडकीबाहेर बघत, दुकानातून काय आणायचं राहिलं ते सांगावं तशा आवाजात तिनं ते सांगितलं, आणि वाक्य पुरं होतं न होतं तोच सरांच्या तळव्याखालचा दांडा खट्कन मागे येऊन मधोमध उभा राहिला. इंजिन मोकळंच ओरडलं, गाडीतला जीव गेला, मागच्यांनी हॉर्नचा कल्ला केला. सरांनी क्लच दाबून दुसरा टाकला आणि गाडी कशीबशी पुलाच्या माथ्यावर नेली. पण छातीत जो धक्का बसला होता तो गिअरचा होता की त्या वाक्याचा, हे त्यांना उतार लागला तरी ठरवता येईना. एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलेला माणूस. चार हजारांवर लोकांना त्यांनी रस्त्यावर सोडलं होतं, इतके की चौकात गाड्या अडकून पडल्या की बायको म्हणायची, बघा, तुमचेच विद्यार्थी. भर रस्त्यात गाडी बंद पडणं, चाक फुटणं, शिकाऊ माणसानं ब्रेक सोडून भलतंच काही दाबणं, हे सगळं त्यांनी जांभई देता देता निभावलं होतं. म्हणून तर विद्यार्थी पाठीमागे त्यांना न्यूट्रल सर म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं, आवडतही होतं. आज साधा एक गिअर सुटला तर ते हबकले होते. बायको मात्र आपली शांत. ती बसली होती ती खरं तर सरांची जागा, शिकवणाऱ्याची. तिथे पायाशी जादाचा क्लच आणि ब्रेक अजून होते आणि त्यांना धक्का लागू नये म्हणून ती नेहमीप्रमाणे पाय एका बाजूला घेऊन बसली होती. गाडी घराशी थांबल्यावर ती उतरता उतरता म्हणाली, “शिकेन तर हिच्यातच. हिच्यातच राहिलंय माझं.”

राहिलं होतं ते बावीस वर्षांपूर्वी. गाडी तेव्हा नवी कोरी होती, सीटवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं, आणि सरांनी मोठ्या हौसेनं हिच्यातला पहिला धडा बायकोला द्यायचं ठरवलं होतं. पाण्याच्या टाकीमागचं मोकळं मैदान, सकाळची वेळ, आजूबाजूला चिटपाखरू नाही. अर्ध्या तासानं बायकोनं गाडी थांबवली, न्यूट्रलमध्ये आणली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, सगळं अगदी शिकवलं होतं तसं, आणि दार उघडून ती चालत घरी निघाली. सर तिच्यामागून गाडी रांगवत घरापर्यंत आले. हा किस्सा त्यांनी पुढे पाहुण्यारावळ्यांना किती वेळा सांगितला असेल याची गणती नाही. अख्खं गाव शिकलं पण घरच्या माणसाला गिअर काही जमला नाही, असं म्हणून ते हसत, पाहुणे हसत, आणि बायकोही हसत असे. निदान सरांच्या आठवणीत ती हसत असे. आता ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन तीन महिने झाले होते. तिची धाकटी बहीण शहराबाहेर दीड तासावर राहायची, घराला बाग, बागेत बसायला लाकडी बाक. तिकडे जायचं तर दोन बस बदलाव्या लागत, नाहीतर सरांना वेळ कधी आहे ते बघावं लागे. सर कधी नाही म्हणत नसत, पण तिथे पोचलं की तासाभरात घड्याळ बघू लागत. तिला वाटेल तेव्हा जायचं होतं आणि वाटेल तेव्हा परतायचं होतं. एवढ्याशा इच्छेसाठी माणसानं बावीस वर्षं थांबावं, याचं सरांना त्या दिवशी जिना चढताना पहिल्यांदा नवल वाटलं, आणि मग थोडी भीतीही वाटली, कारण ती आता बोलली होती, पण परत एकदा बोलेल असं नव्हतं.

गॅरेजवाला त्यांचाच जुना विद्यार्थी. त्यानं सरांना शेजारी बसवून गाडी रस्त्यावर फिरवून आणली, हात पुसले आणि स्पष्ट सांगितलं की गिअरबॉक्स गेलाय, या गाडीचे सुटे भाग कंपनीनं कधीच बंद केले, आणि जुना बॉक्स उघडून बसायला त्याच्याकडे माणूस नाही. तो म्हणाला, “सर, तिचं वय झालं. शनिवारी भंगारवाला येतोय, त्याच्यासोबत पाठवून देऊ.” तो सोमवार होता. सर थोडा वेळ गाडीभोवती फिरले. मग म्हणाले की बॉक्स खाली उतरवून दे, मी घरी नेतो आणि उघडतो. घरच्या घरी स्वतःचा दात काढायला निघालेल्या माणसाकडे बघावं तसं गॅरेजवाल्यानं त्यांच्याकडे बघितलं. पण न्यूट्रल सरांनी एकदा सांगितलं की गावात कुणी वाद घालत नसे, कारण जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी त्यांनी भिंतीवर आपटण्यापासून वाचवलेलं होतं. मंगळवारी सकाळी दोन माणसांनी तो काळपट, थंडगार, तेलानं माखलेला गोळा जिन्यावरून धापा टाकत वर आणला. ठेवायचा कुठे हा प्रश्न बायकोनंच सोडवला. जेवणाच्या टेबलावर तिनं जुनी चादर घातली, तिच्यावर वर्तमानपत्रांची चळत पसरली आणि म्हणाली, ठेवा इथे, उजेड चांगला आहे. त्या दिवसापासून दोघं खिडकीशी खुर्च्या ओढून ताटल्या मांडीवर घेऊन जेवू लागली. बायकोला ते भलतंच आवडलं. टेबलाशी बसलं की समोर भिंत दिसायची, इथून रस्ता दिसत होता, समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई दिसत होती, आणि जेवताना बोलायला काहीतरी मिळत होतं.

आता खरी गोष्ट अशी की सरांनी गिअरबॉक्स आतून कधी बघितलाच नव्हता. स्कूलच्या वर्गात भिंतीवर एक तक्ता होता, लाल आणि निळ्या चक्रांचा, त्याच्यावर छडी ठेवून त्यांनी एकतीस वर्षं व्याख्यानं दिली होती. याची त्यांना मनातून लाज वाटत आली होती, आणि आता लाजेपेक्षा मजा जास्त वाटत होती. मुलीनं फोनवर सांगितलं की बाबा, मोबाईलवर सगळं टप्प्याटप्प्यानं दाखवतात. त्याप्रमाणे त्यांनी एक माणूस शोधून काढला. त्याचा चेहरा कधी दिसायचा नाही, नुसते हात दिसायचे, आणि तो बोलायचा ती भाषा सरांना येत नव्हती. पण हात कळत होते. वर्गातला तोच जुना तक्ता माळ्यावरून काढून त्यांनी पालथा घातला, मागच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर बॉक्सची बाह्याकृती पेन्सिलीनं काढली, आणि जो बोल्ट जिथून निघेल तिथेच पुठ्ठ्याला भोक पाडून खोचायचा असा नेम ठेवला. लांब बोल्ट, आखूड बोल्ट, एक मध्येच वेगळ्या डोक्याचा. पाना घट्ट बसवायचा, श्वास रोखायचा, आणि बोल्ट कच्चकन सुटला की मनगटात एक बारीक कंप यायचा. दुपारच्या उन्हात, दाराखिडक्या उघड्या, रस्त्यावरचे आवाज लांबून येतायत, आणि आपण एक गोष्ट सोडवतोय जी आधी कुणीतरी विचार करून बांधलेली आहे. सरांना आठवेना की इतका वेळ आपण शेवटचे गप्प कधी बसलो होतो. गाडीत ते सतत बोलत आले होते. क्लच, क्लच, हळू, आरसा बघा, क्लच. तेल काढलं तेव्हा कुजक्या लसणासारखा वास घरभर पसरला आणि पडद्यांत जाऊन बसला. सर ओशाळले. बायकोनं नाक फेंदारून एकदा हुंगलं आणि म्हणाली की ज्या वासात तिनं नोकरी काढली त्यापेक्षा हा कितीतरी बरा.

ती मदतीला अशी आली नाही, जवळून जाता जाता थांबली आणि मग राहिली. तेलाच्या बुचाला आतून लोहचुंबक होतं आणि त्याला काळ्या लोखंडाची लव चिकटली होती, तिनं भिंग आणून ती निरखली. आयुष्यभर काचेच्या पट्टीवरचा थेंब बघितलेली बाई, तिला बारीक गोष्ट दिसली की राहवत नसे. बुधवारी सकाळी सर एक छोटं झाकण काढत होते, तर त्याच्याखालची स्प्रिंग अशी उसळली की तिच्यापुढची पोलादी गोळी टप्पे खात सरळ फ्रिजखाली गेली. वाटाण्याएवढी गोळी, पण तिच्याशिवाय गिअर जागेवर टिकत नाही, हे तो बिनचेहऱ्याचा माणूस बोटानं दाखवून गेला होता. मग साठी उलटलेली दोन माणसं फरशीवर पालथी पडली, एकाच्या हातात टॉर्च, दुसऱ्याच्या हातात झाडू. फ्रिजखाली बाटलीची झाकणं निघाली, एक जुनं बिल निघालं, मुलीच्या लहानपणचा एक रंगीत खडू निघाला. गोळी भिंतीच्या पार कोपऱ्यात जाऊन बसली होती. बायकोनं ते चुंबकाचं बूच झाडूच्या दांड्याला बांधून आत सरकवलं, आणि टिक् असा आवाज आला. ती तशीच पालथी पडून हसायला लागली, उगाच, कितीतरी वेळ, आणि तिचं हसणं बघून सरांनाही हसू आवरेना. फरशी गार होती. त्यांच्या मनात आलं की पाहुण्यांसमोर ती त्या किश्शाला हसत असे ते हसणं हे नव्हे. तो विचार त्यांनी तिथेच सोडला आणि गुडघे धरत उठले.

दुपारी बॉक्स उघडला. लाकडी हातोडीनं चहूबाजूंनी ठोकत गेल्यावर दोन अर्ध्या भागांमध्ये केसाएवढी फट पडली, मग बोटाएवढी, आणि वरचं कवच दोघांनी मिळून उचललं. आत दोन दांडे समोरासमोर निजलेले, त्यांच्यावर लहानमोठी चक्रं, तिरक्या दात्यांची, सोनेरी तेलात चमकणारी. इतक्या वर्षांची घाण बाहेर आणि आत हे असं स्वच्छ. सरांनी एक दांडा बोटानं फिरवला तर सगळीच चक्रं फिरू लागली. त्यांनी परत फिरवलं. मग ते खुर्चीवर बसले. एकतीस वर्षं त्यांनी दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली होती की बघा, गिअर टाकला की एका चक्राचे दाते दुसऱ्यात जातात, म्हणून करकर होते. आणि इथे तर सगळे दाते आधीपासूनच एकमेकांत होते, कायमचे. जात कुणी कुठेच नव्हतं. फक्त दोन चक्रांच्या मध्ये एक जाडसर कडं होतं, ते पुढेमागे सरकून या नाहीतर त्या चक्राला धरत होतं. चार हजार माणसांना साफ चुकीचं शिकवलं, असं ते बायकोला म्हणाले, आणि त्यांना वाईट वाटायच्या ऐवजी एकदम हलकं वाटलं, परीक्षा संपल्यावर वाटतं तसं. बायको म्हणाली की तरी चालवतायत ना सगळे. सर म्हणाले, हो, चालवतायत. आणि ते कडं सरकवायला जो दोन बोटांचा आकडा असतो, फोर्क म्हणतात त्याला, तो त्यांनी सगळ्यांत शेवटी बाहेर काढला आणि पुसून वर्तमानपत्रावर ठेवला.

बायकोनं तो उचलून भिंगाखाली धरला. थोड्या वेळानं ती म्हणाली की याच्या दोन बाजू सारख्या नाहीत. मागच्या अंगाला घडवतानाच्या रेघा अजून नव्यासारख्या आहेत आणि पुढचं अंग मात्र झिजून पातळ झालंय, दोन्ही टोकांना, अगदी गुळगुळीत. म्हणजे सुरी धार लावून लावून होते तसं. सरांनी बोट फिरवून बघितलं. खरंच होतं. एवढा पातळ आकडा कड्याला पूर्ण ढकलणार कसा, आणि न ढकलता तिसरा टिकणार कसा. दुखणं सापडलं होतं. त्यांनी आनंदानं गॅरेजवाल्याला फोन लावला. तो म्हणाला की फोर्क तेवढा पाठवा, त्याच्यावर पितळ चढवून देतो, पुढे कानशीनं घासून मापात आणा, अजून वीस वर्षं जाईल. मग सरांनी सहज विचारलं की एकाच बाजूनं असा का झिजला असेल. पलीकडे पान्याचा खणखणाट चालू होता, त्यातून तो म्हणाला, “हात ठेवून चालवणाऱ्यांचा जातो असा. दांड्यावर हात टेकला की फोर्क कड्यावर दाबला जातो आणि सगळा वेळ घासत राहतो. तुम्हीच तर दुसऱ्या दिवशी शिकवायचा सर, दांडा म्हणजे हात टेकायची जागा नव्हे. मला अजून आठवतंय, तेव्हा माझा हात स्टिअरिंगवर होता आणि दांड्यावर तुमचा होता.” तो काही टोचून बोलला नव्हता. त्यानं आठवण सांगितली आणि फोन ठेवला.

सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. उजेडात त्यांनी आपला उजवा हात बघितला. तळव्याला मधोमध एक गोल, कडक, पिवळट जागा होती. ती त्यांना माहीत होती, पण ती कशाची असा प्रश्न कधी पडला नव्हता. गिअर बदलला की हात परत स्टिअरिंगवर, हे ते प्रत्येकाला घोकून घेत, आणि विद्यार्थ्याचा हात उठला की दांड्याच्या त्या रिकाम्या झालेल्या मुठीवर त्यांचा स्वतःचा हात जाऊन बसे. स्कूल सुरू केलं त्या पहिल्या वर्षी एका घाबरट माणसानं उतारावर तिसऱ्यातून ओढून सरळ पहिल्यात टाकली होती, तेव्हापासून. पुढे भीती गेली आणि हात राहिला. लायसन्स मिळालं की विद्यार्थी भेटायला येत, आणि किती जण म्हणाले असतील की सर, एकटं चालवताना दांडा किती हलका लागतो. त्यांना वाटायचं आत्मविश्वास आला. खुश होऊन ते तेवढंच सांगायचे, बघा, आत्मविश्वास. आणि मग ते मैदान आलं, टाकीमागचं, पण किश्शातलं नव्हे. बायको स्टिअरिंगवर. ती म्हणतेय, हात काढा ना. ते हो म्हणून काढतायत, आणि पुढच्या वळणावर हात परत तिथेच. ती परत म्हणतेय. तिसऱ्या वेळी तिला तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचंय, दांडा ओढतेय आणि तो येत नाहीये. ती विचारतेय, इतका जड कसा लागतो? तुम्ही दाबताय का? आणि सर म्हणतायत, नाही गं, नुसता ठेवलाय. तुला सवय नाही म्हणून जड लागतो. मग करकर झाली. मग ती उतरली. हे सगळं त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं, म्हणजे ते विसरलेच नव्हते, फक्त पाहुण्यांना सांगताना एवढा तुकडा वगळत वगळत तो कुठेतरी मागे पडला होता. स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं की काय म्हणाला गॅरेजवाला, कशानं झिजला? सर म्हणाले, “पोरांनी. दांड्यावर हात टेकून चालवतात.” हे बोलताना त्यांचा आवाज इतका साधा निघाला की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

गुरुवारी फोर्क पितळ चढून आला, दोन्ही टोकांवर पिवळे फुगवटे घेऊन. सर सकाळपासून कानस घेऊन बसले. घासायचं, कड्याच्या खाचेत बसवून बघायचं, काढायचं, परत घासायचं. पितळेची भुकटी वर्तमानपत्रावर पडत होती आणि उन्हात चमकत होती. बायको समोर बसून माप घेई आणि नुसतं म्हणे, अजून. दहा फटके मारले की परत, अजून थोडं. असं काम त्या दोघांनी मिळून कधी केलं नव्हतं. ती घरी आली की तिची काचपट्टी तिकडे राहायची आणि त्यांची गाडी खाली रस्त्यावर. सरांना वाटलं, हे असंच चाललं तर किती बरं, काही बोलायची गरजच नाही. चार हजारांतली कोण ती पोरं, त्यांच्यावर ढकललं तर कुणाचं काय बिघडणार आहे. तेवढ्यात बायको माप वाचता वाचता म्हणाली की एक बरं आहे, आता स्कूल बंद, पोरं नाहीत, म्हणजे परत झिजायचं काही कारण नाही. आणि सरांना दिसलं की शनिवारी ती स्टिअरिंगवर बसेल, ते शेजारी बसतील, आणि हात जाईल. ठरवलं तरी जाईल. ती म्हणेल हात काढा, आणि ते म्हणतील नुसता ठेवलाय. मग ती गाडी थांबवून न्यूट्रलमध्ये आणेल, हँडब्रेक ओढेल, आणि या खेपेनंतर शिकायचं तिसऱ्यांदा कधी म्हणणार नाही. त्यांनी कानस खाली ठेवली.

“पोरांनी नाही झिजवला,” ते म्हणाले. “माझ्या हातानं झिजला.”

बायकोनं मापाचं यंत्र डोळ्यांसमोरून हलवलं नाही. ती म्हणाली, “मी विचारलं होतं, दाबताय का.”

“हो.”

“तुम्ही म्हणाला होता, नुसता ठेवलाय.”

“हो. मला खरंच तसं वाटत होतं.” मग त्यांनी स्वतःला अडवलं. “चुकलो मी.”

तिनं फोर्क तळहातावर घेतला, वजन करावं तसा. ती म्हणाली, “बावीस वर्षं मी धरून चालले की माझ्याच हातात दोष आहे. तिकडे दिवसभर केसाएवढ्या सुया धरायची, एक थेंब इकडचा तिकडे व्हायचा नाही. आणि घरी येताना वाटायचं, माझ्या हाताला साधा जोर किती लावायचा तेही कळत नाही. तुम्ही लोकांना सांगायचा, मी हसायची. मला वाटायचं खरंच आहे ते.”

ती उठली, चपला घातल्या, दुकानात जाऊन येते म्हणाली आणि गेली. दुकान खालच्या चौकात, पाच मिनिटांचं. सर टेबलाशी बसून राहिले. पुठ्ठ्यावर बोल्ट आपापल्या जागी उभे होते, चक्रं पुसून ओळीनं ठेवलेली होती, आणि यातली कुठली वस्तू कुठे जाते हे आता त्यांना डोळे मिटून सांगता आलं असतं. त्याचा काही उपयोग वाटेना. पाऊण तास झाला. त्यांच्या डोक्यात काय काय येऊन गेलं. मुलगी त्यांच्याकडेच शिकली, पण एकदा ते आठवडाभर गावाला गेले होते तेव्हा ती एकदम सराईत झाली होती, आणि परत आल्यावर त्यांनी ते श्रेय आपल्या पायाभरणीला दिलं होतं. बहिणीच्या बागेतलं ते बाक, त्याच्यावर बायको बसलीय आणि आपण घड्याळ बघतोय. तिथेही आपण कुठेतरी हात ठेवूनच बसलो होतो की काय. गाडी राहील, ती चालवेल की नाही कोण जाणे. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदा वाटलं की तिनं नाही म्हटलं तर आपल्याला समजावण्यासारखं तोंडात काही नाही, आणि असायलाही नको. जिन्यावर पावलं वाजली. बायको भाजीची पिशवी घेऊन आली, पिशवी ओट्यावर ठेवली, हात धुतले आणि परत समोर येऊन बसली. तिचे डोळे लाल नव्हते, चेहरा चालून आल्यासारखा तापलेला होता. ती म्हणाली, “शनिवारी येतेय मी मैदानावर. कुणी कुठे बसायचं ते मी सांगेन.” मग तिनं माप उचललं. “घासा. अजून अर्धा केस आहे.”

बांधायचं काम उघडण्यापेक्षा सोपं गेलं, कारण पुठ्ठा सगळं सांगत होता. शुक्रवारी सकाळी गोळी जागेवर बसवताना बायकोनं खाली पातेल्याचं झाकण धरलं होतं, पण ती काही उडाली नाही. कवच बंद झालं, बोल्ट एकेक करून पुठ्ठ्यावरून निघून आत गेले, आणि शेवटी टेबलावर फालतू असा एकही तुकडा उरला नाही, याचा सरांना एवढा अभिमान वाटला की त्यांनी मुलीला फोन करून तेवढंच सांगितलं. तीच दोन माणसं येऊन बॉक्स घेऊन गेली. गॅरेजवाल्यानं संध्याकाळपर्यंत तो गाडीत चढवला, नवं तेल भरलं, सरांना घेऊन चौकापर्यंत चक्कर मारून आला. त्यानं पसंतीची मान हलवली, आणि भंगारवाल्याला येऊ नको म्हणून आपणच कळवतो म्हणाला. टेबल मोकळं झालं तरी दोघं जेवायला खिडकीशीच बसली.

शनिवारी मैदानावर सर सवयीनं शेजारच्या दाराशी गेले. बायको स्टिअरिंगवर बसून सीट पुढे घेत होती. तिनं मान न वळवता सांगितलं, मागे. सर मागे बसले. स्वतःच्या गाडीत मागे ते बावीस वर्षांत कधी बसले नव्हते. तिथे गुडघ्यांना जागा कमी होती, आणि शिकाऊ लोक आपलं सामान टाकत तिथल्या गादीला एक भोक पडलेलं होतं. दोन सीटांच्या मधून दांडा दिसत होता, हात लांब केला असता तर पोचलाही असता. सरांनी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. पहिल्या खेपेला गाडी बंद पडली, दुसऱ्या खेपेला पडली, तिसऱ्या खेपेला आचके देत निघाली. करकर झाली. सर फक्त म्हणाले, क्लच पूर्ण, आणि नंतर तेही म्हणाले नाहीत. तळहात मांडीखाली आपोआप उघडमीट करत होते. दुसरा गिअर पडला. मैदान लांबलं, टाकीची सावली ओलांडली, आणि तिसरा टाकताना तिचा हात दांड्यावर गेला आणि काम होताच उठून परत स्टिअरिंगवर आला. दांडा एकटाच, कुणाचा हात नसलेला, मधे उभा होता आणि हलत नव्हता. तिनं दोन चकरा मारल्या, गाडी थांबवली आणि विचारलं, “जरा उतरता का?”

सर उतरले. त्यांना वाटलं काही चुकलं, पण गाडी पुढे निघाली आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपली गाडी चालताना आपण बाहेरून कधी बघितलीच नाही. ती वाटली होती त्यापेक्षा लहान दिसत होती. एक मागचा दिवा जरा तिरका बसलेला होता. काचेतून बायकोचं डोकं दिसत होतं, ताठ, किंचित पुढे. गिअर बदलताना बाहेरून काहीच दिसत नाही, नुसता इंजिनाचा सूर पडतो आणि परत धरला जातो. सर मैदानात उभं राहून ऐकत होते. दुसरा. पुढे थोडा वेळ नुसती घरघर, मग सूर पडला, उचलला गेला, तिसरा. पलीकडच्या टोकाला ती वळली, जरा मोठंच वळण घेतलं, पण घेतलं. सरांना फार बरं वाटलं, इतकं की काय करावं ते कळेना आणि ते नुसते उभे राहिले. गाडी त्यांच्याजवळ येऊन थांबली. त्यांनी मागचं दार उघडायला हात पुढे केला. खिडकीची काच खाली होती. बायकोचा चेहरा लाल झालेला, केस सुटलेले.

“अजून एक,” ती म्हणाली.

सर बाजूला झाले.